हुकमी एक्का विकावा काय?

हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, ही शिकवण मराठी घरात बाळकडूबरोबरच मिळते. कॅनडा व अमेरिकेतील आइस हॉकीच्या व्यवसायात मात्र जवळजवळ प्रत्येक हंगामात कोणता ना कोणता संघ नेमके तेच करीत असतो, आणि तेही पूर्ण विचारांती. ज्याच्या नावावर तिकिटे खपतात, ज्याच्या क्रमांकाचा सदरा शहरातली मुले अंगावर मिरवतात, असा आपला सर्वोत्तम खेळाडू संघ दुसऱ्याच्या हवाली करतो. त्याच्या मोबदल्यात अठरा-वीस वर्षांचे दोन-तीन होतकरू खेळाडू आणि पुढील वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे हक्क पदरात पाडून घेतो. हा व्यवहार फायद्याचा ठरतो का, या प्रश्नावर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झडत आले आहेत.

मेजर ध्यानचंद यांच्या हॉकीवर वाढलेल्या भारतीय वाचकाला या बाजाराची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. 1917 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये आज 32 क्लब आहेत आणि स्टॅन्ली चषक हे त्यांचे अंतिम ध्येय असते. दर उन्हाळ्यात मुख्यतः अठरा वर्षांच्या नव्या खेळाडूंची निवड होते. त्यात सात फेऱ्या असतात आणि सोडतीची थोडी भर घालून दुबळ्या संघांना आधी निवडण्याची संधी दिली जाते. हा निवडीचा हक्क स्वतःच एक विक्रीयोग्य वस्तू आहे. क्लब तो वर्ष-दोन वर्षे आधीसुद्धा दुसऱ्यास देऊ शकतो. बाजारात तुरी म्हणतात तो हाच प्रकार, कारण त्या हक्काने मिळणारा मुलगा व्यवहाराच्या दिवशी एखाद्या गावच्या शालेय संघात खेळत असतो. 2005 पासून प्रत्येक क्लबच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादाही आली आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ठरावीक वर्षे खेळून झाल्यावर खेळाडूचा करार संपला की तो पूर्णपणे मोकळा होतो. अशा वेळी तो दुसरीकडे गेल्यास जुन्या क्लबला काहीही मिळत नाही.

या शेवटच्या नियमातच प्रश्नाची किल्ली दडलेली आहे. सौदा फळतो की फसतो, हे विकल्या जाणाऱ्या खेळाडूच्या मोठेपणावर फारसे अवलंबून नसते. विकणाऱ्याच्या हाती किती काळ शिल्लक आहे, यावर ते ठरते. हे विधान पारखून पाहण्यास जरोम इगिन्ला या खेळाडूच्या कारकिर्दीइतके चांगले साधन नाही. कारण हा एकच माणूस अशा व्यवहारात दोन वेळा, आणि परस्परविरुद्ध बाजूंनी, सापडला.

1995 च्या हिवाळ्यात कॅल्गरी फ्लेम्स या संघाचा कर्णधार जो न्यूवेंडाइक याचे क्लबशी मानधनावरून बिनसले होते. आपल्या पहिल्या दोन पूर्ण हंगामांत प्रत्येकी 51 गोल करणारा आणि 1989 च्या चषकविजेत्या संघात असलेला हा खेळाडू हंगाम सुरू झाला तरी मैदानात उतरला नाही. परंतु त्याच्यावरील हक्क क्लबकडेच होते, तो मनाला येईल तिकडे जाऊ शकत नव्हता. त्यामुळे कॅल्गरीला घाई करण्याचे कारण नव्हते. अखेर डिसेंबरमध्ये त्याला डॅलस स्टार्सकडे देण्यात आले. बदल्यात कोरी मिलन हा एक अनुभवी खेळाडू मिळाला आणि त्याच्याबरोबर, त्याच वर्षीच्या निवडीत अकराव्या क्रमांकावर घेतलेला, कॅमलूप्सच्या कनिष्ठ संघात खेळणारा अठरा वर्षांचा एक मुलगा आला. तो मुलगा म्हणजे इगिन्ला. त्याचे वडील नायजेरियातून कॅनडात आलेले होते. योरुबा भाषेत त्याच्या आडनावाचा अर्थ ‘मोठे झाड’ असा आहे आणि पुढील दीड तपात कॅल्गरीने त्याचीच सावली उपभोगली. 2001-02 च्या हंगामात त्याने 52 गोल केले आणि लीगमध्ये सर्वाधिक गुणही त्यानेच मिळवले. 2004 मध्ये कर्णधार या नात्याने त्याने संघाला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत नेले. कॅल्गरीकडून त्याने केलेले 525 गोल हा त्या क्लबचा विक्रम आहे.

डॅलसचेही नुकसान झाले नाही. 1999 मध्ये त्या संघाने चषक जिंकला आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान न्यूवेंडाइकलाच मिळाला. दोघांनाही हवे ते मिळावे असे सौदे विरळाच. तरीसुद्धा ‘फायदा’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. 1997 पासून 2003 पर्यंत सलग सात हंगाम कॅल्गरीला बाद फेरी गाठता आली नाही. डॅलसमध्ये चषकाची मिरवणूक निघाली, त्या उन्हाळ्यात कॅल्गरीचा प्रेक्षक आपण नेमके काय कमावले, असे स्वतःला विचारीत असणार. झाड मोठे व्हायला वेळ लागतो, आणि त्या वर्षांची तिकिटे प्रेक्षकालाच काढावी लागतात.

आता चित्राची दुसरी बाजू. 2010 पासून कॅल्गरीचा संघ पुन्हा बाद फेरीबाहेर राहू लागला. इगिन्ला तिशी ओलांडून गेला होता, पण त्याला मागणी होती आणि त्याच्या करारात वर्षे शिल्लक होती. क्लबने विकले नाही. लाडक्या कर्णधाराला निरोप देण्याचे धैर्य व्यवस्थापनाला झाले नाही. शिवाय यंदा नाही तर पुढील वर्षी नक्की जमेल, ही आशा होतीच. असे हंगामामागून हंगाम गेले. मार्च 2013 मध्ये, करार संपायला जेमतेम तीन महिने उरले असताना, कॅल्गरीला जाग आली. तोवर तो पस्तीस वर्षांचा झाला होता आणि आपल्या संमतीवाचून आपल्याला कोठेही पाठवता येणार नाही, ही अट त्याच्या करारात होती. त्याने मोजक्याच संघांना होकार दर्शवला. बॉस्टनशी व्यवहार ठरल्यात जमा होता, पण ऐन वेळी इगिन्लाची पसंती पिट्सबर्गला पडली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी क्लबची अवस्था झाली आणि पिट्सबर्गने देऊ केले ते मुकाट्याने घ्यावे लागले. ते होते महाविद्यालयीन संघांतील दोन खेळाडू व पहिल्या फेरीतील एक निवड-हक्क. त्या दोघांना कॅल्गरीच्या संघात स्थान टिकवता आले नाही. निवड-हक्कातून आलेला मॉर्गन क्लिमचुक हाही मोठ्या लीगमध्ये रुजला नाही. पिट्सबर्गच्या हातीही काही लागले नाही. त्याच वर्षी उपांत्य मालिकेत बॉस्टननेच त्यांचा 4-0 असा फडशा पाडला आणि त्या चार सामन्यांत पिट्सबर्गला मिळून दोन गोल करता आले.

एकच खेळाडू, एकच क्लब. विकत घेताना जे कॅल्गरीला साधले ते विकताना साधले नाही. मधल्या काळात हॉकीचा खेळ बदलला नव्हता, कॅल्गरीच्या हातातील वेळ संपला होता.

कोणी म्हणेल, यात दैवाचा भाग मोठा आहे. तो आहेच. ओटावाचे उदाहरण त्यासाठीच पाहावे, कारण तेथे पाच-सहा महिन्यांच्या अंतराने दोन सौदे झाले आणि त्यांची फळे अगदी भिन्न निघाली. 2017 मध्ये हा संघ अंतिम मालिकेपासून एका गोलाच्या अंतरावर होता. पुढच्याच हंगामात तो 31 संघांत तिसाव्या क्रमांकावर घसरला. कर्णधार एरिक कार्लसन हा लीगमधील सर्वोत्तम बचावपटूचा सन्मान तोवर दोनदा मिळवलेला खेळाडू, आणि त्याच्या करारात एक वर्ष शिल्लक होते. सप्टेंबर 2018 मध्ये ओटावाने त्याला सॅन होजेकडे दिले. बदल्यात चार तरुण खेळाडू आणि काही निवड-हक्क आले. त्यांत 2020 च्या पहिल्या फेरीचा एक हक्क होता. मोबदला फारच अपुरा आहे, अशी टीका तेव्हा सर्व बाजूंनी झाली. सॅन होजेने पहिल्या हंगामात उपांत्य मालिका गाठली आणि कार्लसनशी आठ वर्षांचा महागडा करारही केला. परंतु 2019-20 मध्ये तो संघ पार तळाला गेला. साहजिकच त्याने देऊन टाकलेला निवड-हक्क वधारला आणि तिसऱ्या क्रमांकावर ओटावाने टिम श्टुट्झल या जर्मन युवकाची निवड केली. 2022-23 मध्ये त्याच श्टुट्झलने 39 गोलांसह 90 गुण मिळवले.

सॅन होजेचा संघ कोसळेल हे 2018 मध्ये कोणासही ठाऊक नव्हते, त्यामुळे श्टुट्झलचे श्रेय ओटावाच्या दूरदृष्टीला देता येत नाही. मात्र दैवाने कौल द्यावा एवढ्या चिठ्ठ्या पेटीत होत्या, कारण विकताना हाती एक वर्ष होते. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच क्लबने मार्क स्टोनला विकले तेव्हा करार संपायला चारच महिने बाकी होते. व्हेगासने त्याच्याबदल्यात दिलेल्यांत एरिक ब्रॅनस्ट्रॉम हा स्वीडिश बचावपटू प्रमुख होता. 2017 च्या निवडीत पंधराव्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा त्या वेळी अत्यंत खात्रीचा मानला जात होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हावा, तसे झाले. 2024 मध्ये ओटावाने त्याला मोकळे केले. स्टोन मात्र व्हेगासचा कर्णधार झाला आणि 2023 च्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामन्यात तीन गोल करून त्याने चषक उंचावला.

व्हेगासचा उल्लेख आला आहे तर खरेदीदाराच्या दृष्टीनेही हा बाजार पाहणे योग्य ठरेल. हा क्लब 2017 मध्ये जन्मास आला आणि पहिल्याच निवडीत त्याला पहिल्या फेरीतील तीन मुले मिळाली. नव्या संघाने अशा रोपांची जपणूक करावी, असा सर्वसाधारण समज. व्हेगासने तिघांनाही काही वर्षांतच बाजारात काढले. त्यांपैकी निक सुझुकी 2018 मध्ये माँट्रियलला गेला आणि पुढे त्या ऐतिहासिक क्लबचा कर्णधार झाला. एवढेच नव्हे, तर 2021 च्या उपांत्य मालिकेत माँट्रियलने व्हेगासलाच हरवले. सुझुकीच्या बदल्यात आलेला मॅक्स पॅचोरेटी 2022 मध्ये जवळजवळ फुकट सोडून द्यावा लागला. एका सौद्याचा ताळेबंद मांडला तर व्हेगासचा तोटा उघड दिसतो. तरी जन्मानंतर सहाव्या हंगामात चषक त्यांच्याकडे होता, आणि माँट्रियलने 1993 नंतर तो (किमान 2025 पर्यंत तरी) पाहिलेला नाही. नव्या मुलांच्या गुणांविषयी जो तो क्लब स्वतःच्या अंदाजाच्या प्रेमात असतो. व्हेगासने त्या प्रेमाची किंमत दुसऱ्यांकडून वसूल केली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

ज्या सौद्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, तो 9 ऑगस्ट 1988 चा. वेन ग्रेट्झ्की तेव्हा 27 वर्षांचा होता. एडमंटन ऑयलर्सने पाच वर्षांत चार वेळा चषक जिंकला होता, चौथा तर त्याच वर्षी मे महिन्यात. त्याच्या विक्रीची बातमी आली तेव्हा कॅनडाच्या संसदेतील एका खासदाराने सरकारने हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली आणि क्लबचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांच्या पुतळ्याचे दहन झाले. लॉस एंजेलिसने ग्रेट्झ्कीसह तीन खेळाडू घेतले. मोबदल्यात जिमी कार्सन व मार्टिन जेलिना हे दोन तरुण, पहिल्या फेरीतील तीन निवड-हक्क आणि दीड कोटी अमेरिकन डॉलर्स दिले. यांतील शेवटचा आकडा हेच या व्यवहाराचे खरे कारण होते. मालकाच्या अन्य उद्योगांना पैशांची निकड होती.

1990 मध्ये ग्रेट्झ्कीवाचून एडमंटनने पुन्हा चषक जिंकला, हे या सौद्याच्या समर्थकांचे हुकमी उत्तर असते. ते अर्धेच खरे आहे. तीन निवड-हक्कांपैकी एक आधीच दुसऱ्या क्लबकडे गेला, दुसऱ्यातून आलेला मार्टिन रुचिन्स्की एडमंटनसाठी दोनच सामने खेळला आणि तिसऱ्यातून आलेला निक स्टायडुहार याची संपूर्ण कारकीर्दच दोन सामन्यांची ठरली. कार्सनने तर वर्षभरातच दुसरीकडे पाठवण्याची विनंती केली. एडमंटनचे नशीब असे की, नोव्हेंबर 1989 मध्ये त्याच्या बदल्यात डेट्रॉइटकडून ॲडम ग्रेव्ज, पेत्र क्लिमा व जो मर्फी हे तिघे आले. जेलिना, ग्रेव्ज व मर्फी या तरुणांच्या फळीने बाद फेरीत कमाल केली आणि बॉस्टनविरुद्धच्या अंतिम मालिकेतील पहिला सामना तिसऱ्या जादा वेळेत क्लिमाच्या गोलाने जिंकला. म्हणजे ग्रेट्झ्कीचा मोबदला पहिल्या सौद्यात मिळाला नाही. तो दुसऱ्या सौद्यात वळता करून घ्यावा लागला, आणि मार्क मेसिएसारखा कर्णधार जुन्या शिलकीत होता म्हणून तो पुरला. ती शिल्लक संपताच 1993 ते 1996 असे चार हंगाम एडमंटन बाद फेरीबाहेर राहिला.

असे असेल तर एक्का जपून ठेवणेच शहाणपणाचे नव्हे काय? वॉशिंग्टनने तेच केले. 2004 मध्ये निवडलेल्या अलेक्झांडर ओव्हेच्किनला घेऊन तो संघ वर्षानुवर्षे बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यातच अडखळत राहिला. त्याला विकून नवी बांधणी करावी, असे सल्ले देणाऱ्यांची वाण नव्हती. 2018 मध्ये चषक मिळाला, आणि एप्रिल 2025 मध्ये ग्रेट्झ्कीचा 894 गोलांचा विक्रम त्याने वॉशिंग्टनच्याच सदऱ्यात मोडला. पण वॉशिंग्टनने 2008 मध्येच त्याच्याशी तेरा वर्षांचा करार केला होता, ही गोष्ट विसरता येत नाही. त्या क्लबकडे वाट पाहण्याइतका काळ लेखी स्वरूपात होता. ज्याच्याकडे तो नाही त्याने वॉशिंग्टनचा दाखला देऊ नये. करारात दीड-दोन वर्षे उरली असताना खेळाडूने नवा करार करण्याची तयारी दाखवली नाही, तर त्याच वेळी, संघ बरा खेळत असला तरी, विक्रीचा विचार करणे हाच मार्ग शिल्लक राहतो. अनेक क्लब हे जाणतात आणि तरीही शेवटच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबतात, कारण त्या दीड वर्षाची तिकिटे त्याच्याच नावावर खपायची असतात.

या निकषाला अपवाद नाहीत असे नाही. बफेलोने 2021 मध्ये जॅक आयकेलला विकले तेव्हा त्याच्या करारात सुमारे पाच हंगाम बाकी होते. परंतु मानेच्या शस्त्रक्रियेवरून खेळाडू व क्लब यांच्यात वाद पेटला होता आणि तो खेळू शकत नव्हता. कागदावरचा काळ मोठा असला तरी जखमी एक्क्याचा भाव पडतो. बदल्यात आलेला ॲलेक्स टक चांगला निघाला, पण चषक आयकेलने, म्हणजे पुन्हा व्हेगासनेच, उचलला.

आणि क्वेबेक. तेथील नॉर्डिक्स संघ सलग तीन वर्षे तळाला राहिला होता. म्हणून 1991 मध्ये त्याला एरिक लिंड्रॉसची पहिली निवड करता आली. लिंड्रॉसने त्या संघाचा सदरा घालण्यासही नकार दिला आणि वर्षभर तो तसाच बाहेर राहिला. क्लबने धीर सोडला नाही. जून 1992 मध्ये फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क असे दोन ग्राहक एकाच वेळी दाराशी उभे होते आणि आपल्याशी व्यवहार पक्का झाला, असा दावा दोघेही करीत होते. अखेर लवादाने फिलाडेल्फियाच्या बाजूने निकाल दिला. मोबदला अवाक्‌ करणारा होता. त्यात पीटर फोर्सबर्ग हा तरुण स्वीडिश खेळाडू, आणखी पाच खेळाडू, पहिल्या फेरीतील दोन निवड-हक्क आणि येथेही दीड कोटी डॉलर्स. 1991-92 मध्ये 52 गुण मिळवणाऱ्या क्वेबेकने पुढच्याच हंगामात 104 गुण कमावले. त्या निवड-हक्कांपैकी एकातून आलेला गोलरक्षक जोसलिन तिबो आणि एडमंटनकडून येऊन पोहोचलेला तोच रुचिन्स्की, हे दोघे डिसेंबर 1995 मध्ये आणखी एकासह माँट्रियलला दिले गेले आणि त्यांच्या बदल्यात पॅट्रिक रुआ हा महान गोलरक्षक आला. जून 1996 मध्ये या संघाने चषक जिंकला. 2001 मध्ये पुन्हा जिंकला. या बाजाराच्या इतिहासात याहून किफायतशीर सौदा दाखवणे कठीण आहे.

तो चषक मात्र क्वेबेकला आला नाही. लहान शहर, जुने क्रीडागृह आणि वाढते वेतन यांचा मेळ बसेना, म्हणून 1995 च्या उन्हाळ्यात क्लब विकला गेला आणि संघ डेन्व्हरला हलला. फोर्सबर्ग आणि रुआ यांनी चषक उंचावला तो कोलोराडोच्या नावाने. तीन वर्षे तळाच्या संघाला पाहणारे आणि चौथ्या वर्षी लिंड्रॉसच्या नकाराचा अपमान सोसणारे क्वेबेकचे प्रेक्षक ते दृश्य दूरदर्शन संचावर पाहत होते. 2015 मध्ये त्या शहराने अठरा हजारांहून अधिक आसनांचे नवे क्रीडागृह उभारले. 2025 संपेपर्यंत तरी नॅशनल हॉकी लीगचा संघ तेथे परतलेला नव्हता.